जाळीतली इटालियन

७ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही की माझ्या मनात नाही नाही ते येतं, म्हणून मीच लिहायला घेतलं. अक्षर वाकडं येतं, त्याला हसू नकोस.

शेजारच्या गल्लीतून दोन गाड्या चोरीला गेल्या, तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागेना. मी चिरंजीवांच्या मागे लागून व्हरांड्याला लोखंडी जाळी बसवून घेतली. माझी इटालियन मोटारसायकल एक रात्रसुद्धा बाहेर राहायला नको, म्हणून तिला आधी आत घेतलं आणि मग वेल्डरला कामाला लावलं. दाराचं माप मीच दिलं: दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला माणूस आत येईल एवढं. वेल्डर पैसे घेऊन गेल्यावर लक्षात आलं की गाडीचं हँडल दारापेक्षा रुंद आहे. सूनबाई हसून हसून खाली बसली. चिरंजीव हसले नाहीत. बरं झालं, एक काळजी मिटली, एवढंच म्हणाले.

गुडघा आखडल्यापासून मलाही बाहेर सोडत नाहीत. मी रस्त्यात पडेन म्हणून दोघं कामाला जाताना जाळीला कुलूप लावतात. आग लागली तर मी काय करायचं, असं विचारलं, तर सूनबाईने गॅसचं बटणच बंद करून ठेवायला सुरुवात केली. आता दिवसभर मी आणि इटालियन एकमेकांचं तोंड बघत बसतो. तिच्या इंजिनाचं बाहेरचं मोठं चाक मी रोज हाताने फिरवतो, म्हणजे आत पिस्टन धरून बसत नाही. माझं चाक कोण फिरवणार?

तब्येतीचं खरं ते लिही. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा

---

२० जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी एकटीच हसले. चोराच्या भीतीने स्वतःलाच कोंडून घेणारा माणूस आमच्याच घरात निपजायचा. वहिनी त्या गाडीला सवत म्हणायची. आज असती तर म्हणाली असती, आता दोघं राहा सुखाने.

आता खरं ते लिहिते. मी घर सोडतेय. फेब्रुवारी संपता संपता लेक मला परदेशी तिच्याकडे घेऊन जाणार. विमानाने जायचं. ती म्हणते, दरवर्षी येत जाऊ. आपल्या वयात दरवर्षी म्हणजे काय ते तुला कळतं आणि मलाही.

जाण्याआधी एकदा तुझ्या मागे बसायचंय. दवाखान्यात पहाटेच्या ड्यूटीला तू मला सोडायचास, तेव्हा सगळ्या नर्सबायका गच्चीतून बघायच्या. सायलेन्सरने पोटरी भाजली त्याचा डाग अजून आहे. हँडल बोल्टांवर असतं ना? तू ते इतक्यांदा काढलंयस की मीसुद्धा काढू शकेन. बसने येऊ नकोस, तुला मळमळतं. गाडी घेऊन ये.

गुडघ्याला शेक दे. आशीर्वाद कायम पाठीशी असू दे.

तुझी ठकी

---

४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मला घास गोड लागत नाही. विमानात म्हणे कान दुखतात. तिथे तुझी औषधं मिळतील का? लेकीला विचारून मला कळव.

मी हँडल काढलं. तरी गाडी दाराला अडते. तुला एका बाजूला बसता यावं म्हणून मी जी पायफळी लावली होती, तिचे बोल्ट गंजून एकजीव झालेत. शेवटी करवतीने कापली. कापताना वाईट वाटलं. कार्बोरेटर सोडवून धुतला, प्लग घासला, क्लचची नवी केबल ओवली. आता ती दारातून जाईल, दोन्हीकडे बोटभर जागा सुटते. मी दोरीने मोजलंय. या वेळी दोनदा मोजलंय.

रविवारी सूनबाई अंगण धुताना जाळी उघडी ठेवते. तेव्हा बाहेर काढेन म्हणतो. पण पाऊस आला तर? वाटेत पंक्चर झालं तर? चिरंजीवांना अजून सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

जीव टांगणीला लागलाय. माया राहू दे.

तुझा दादा

---

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांना हे पत्र ठाऊक नाही. रविवारी त्यांनी गाडी बाहेर काढायला घेतली. हँडल आधीच काढून ठेवलेलं, मग धरायला काय उरणार? पुढच्या चाकाच्या दांड्यांना मिठी मारून ढकलत होते. दाराशी गुडघा गेला. गाडी कलली आणि त्यांना जाळीशी दाबून उभी राहिली. बायको अंगणाच्या पलीकडच्या टोकाला पाठमोरी धूत होती, तिचं होईपर्यंत ते तसेच अडकून होते. हाक मारली नाही. का, तर सूनबाई रागावेल म्हणून. हाडं शाबूत आहेत, छाती काळीनिळी झालीय.

आत्या, तू त्यांना गाडी घेऊन बोलावलंस म्हणून तुझ्यावर खूप चिडलो होतो. पण त्या रात्री औषध लावताना ते मला म्हणाले की ठकी जाईल आणि मी आतच राहीन. कुलूप मी त्यांना पडू नये म्हणून लावतो, पण आतून ते कसं दिसतं हे मला सुचलं नव्हतं.

वेल्डर बोलावून दार रुंद करून घेतलं. हँडल बसवलं. गाडी मी चालवणार, ते मागे बसणार. पण तिचा गिअर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या. मी घाबरून ब्रेक दाबायला जातो आणि गिअरच बदलतो. रोज संध्याकाळी गल्लीत शिकवणी चालते. ते स्टुलावर बसून ओरडतात, मी ऐकतो. शाळेतसुद्धा एवढी बोलणी खाल्ली नाहीत.

आम्ही निघण्याआधी तू निघू नकोस. कृपा असू दे.

तुझा भाचा

---

२३ फेब्रुवारी, पेट्रोल पंपावरून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

ही चिठ्ठी घेऊन तुझा भाचा तुझ्या दारात उभा असेल. मी नसेन. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही.

आम्ही सकाळी निघालो. इंजिनाचा आवाज अगदी तसाच आहे. गल्ली संपली, बाजार संपला, इथवर आलो. पुढे मोठा रस्ता आहे. तिथे ट्रकांची रांग पाहिली आणि मी चिरंजीवांना गाडी थांबवायला लावली. गुडघ्याचं निमित्त सांगायला जमलं असतं, पण गुडघा आज बरा आहे. इतके दिवस मी कुलपाला बोल लावत होतो. आज कुलूप नव्हतं, तरी मला पुढे जाववेना.

चिरंजीव परत फिरू म्हणाले. मी नको म्हटलं. मग तुम्ही इथेच थांबा नि मी आत्याला आणतो, असं तेच म्हणाले. हवा भरणाऱ्याने मला सावलीत खुर्ची दिली आणि लिहायला कागदही दिला.

तू मागे बस. पायफळी नाही, तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बस, आता तुला कोण काय म्हणणार आहे. पोटरी सायलेन्सरपासून लांब ठेव. पोराने गिअर बदलताना पायाकडे पाहिलं, तर पाठीत थाप मार आणि उजवा म्हण.

मला इथून एकट्याने पुढे जाता येत नाही आणि मागेही जाता येत नाही. येणारी प्रत्येक गाडी बघतोय. लवकर ये, आणि आल्यावर मला हसायचं असेल तर पोटभर हस.

वाट बघणारा,
दादा