मैदानावर मारायचं पाणी

९ जानेवारी १९७३
कारखान्याचे चेअरमन सुंदरराव आज फुटबॉल टीमसमोर म्हणाले, "रविवारी फायनलला मंत्री येणार हाईत. टँकरनं मैदानावर पाणी मारा. धूळ उडाया नको."

विहिरींचे तळ दिसतायत. बायका दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून पाण्याच्या रांगेत बसतात — आणि हे मैदानाला पाणी पाजणार!

मी कॅप्टन. "व्हय साहेब" म्हणून मान डोलावली. त्याचाच जास्त संताप येतोय.

१० जानेवारी
केलर साहेबाला म्हणालो, तुम्ही बोला. हा जर्मन म्हातारा कारखान्याचा बॉयलर बसवायला आला नि आम्हा फिटर लोकांचा कोच झाला. तिकडं जर्मनीत दिवसा कारखान्यात राबायचा, संध्याकाळी गावच्या क्लबात फुटबॉल. वीस वर्षं खेळला, पैसा घेतला नाही. मग तिथंच पोरं तयार केली. आम्हा अनवाणी लोकांना पास द्यायला त्यानंच शिकवलं. वाटलं, हा घाबरणार नाही.

खांदे उडवून म्हणाला, "मैं मेहमान."

भेकड.

१३ जानेवारी
टँकर मैदानावर लागला. मीच वस्तीत सांगून आलो होतो. बायका घागरी घेऊन धावल्या. तोटी मी सोडली. शेवटी शेवटी केलर धावत आला, हात पसरून आडवा झाला. त्याच्या भाषेत ओरडत होता, एक अक्षर कळेना. "मैदानाची लई काळजी हाय का बे तुला?" म्हणून ढकलून दिला.

तासाभरानं घरी हजर. सरळ आत घुसला, माझ्या बायकोची, सत्यभामाची, भरली घागर लाथेनं पालथी केली. ती रडायलाच लागली. "पानी नहीं, पानी नहीं" — एवढंच त्याचं चाललेलं. पाणी नाही म्हणूनच तर भरलं ना! कानाखाली दिली. चष्मा फुटला. टीमच्या पोरांना सांगून त्याच्या बंगल्यावर नेला, बाहेरून कडी घातली.

साठीच्या माणसावर हात उचलला. वाईट वाटत नाही.

१४ जानेवारी
मॅच रद्द. टँकरवाला सटवा सकाळी रडत आला. "बॉयलरचं पाणी व्हतं, इखारी दवा मारल्यालं. चेअरमननंच भराया लावलं. मी चहाला गेलतो, वाटलं मैदानावरच मारताल."

केलर साहेब घरोघर घागरी पालथ्या करत माझ्या घरापर्यंत आले होते. पुढचं घर भिवराबाईचं. तिथं मी त्यांना पोचू दिलं नाही.

तिची नात पहाटे गेली.