रुग्ण-संदेशाच्या फॉर्ममधील ‘अन्य’ या रकान्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
दीर्घोपचार रुग्णालय.

विषय : संकेतस्थळावरील स्पॅम गाळणी व फॉर्म यांचे जमत नसल्यामुळे अडकलेले नऊ संदेश.
संदर्भ : धाकट्या भावाचे बारा वर्षांपूर्वीचे पत्र (अनुत्तरित).

महोदय,

१. संदर्भातील पत्राला मी उत्तर दिले नाही, हे आधीच मान्य करतो. घर बदलताना धाकट्या भावाने माझ्या पुस्तकांच्या दोन पेट्या रद्दीत दिल्या, तेव्हा मी त्याच्याशी बोलणे टाकले. वर्षभराने त्याने लिहिले, “दादा, अजून रागावला आहेस का? हो की नाही, एवढंच कळव.” राग तोवर ओसरला होता, पण एका शब्दाचे उत्तर कोरडे दिसेल म्हणून मी मसुदे करत राहिलो आणि फाडत राहिलो.

२. सध्या तो आपल्याकडे खिडकीजवळच्या खाटेवर आहे. सोमवारी त्याची शस्त्रक्रिया आहे. संकेतस्थळावरील फॉर्म भरल्यास संदेश छापून त्याच दिवशी रुग्णाच्या हाती देतात, असे वाचले. एकदा बटण दाबले की फाडायला कागदच उरत नाही, म्हणून मला हा मार्ग बरा वाटला. नऊ संदेश पाठवले. दर वेळी ‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ असे उमटले. त्याला एकही मिळाला नाही. तो आपल्या मुलीला म्हणाला, “दादाचा मसुदा चालू असेल.”

३. ही माझी पुतणी संकेतस्थळांचीच कामे करते. तिने मला समोर बसवून फॉर्म भरायला लावला आणि कपाळाला हात लावला. तिच्या म्हणण्यानुसार, यंत्रांनी धाडलेले फालतू संदेश अडवण्यासाठी गाळणी फॉर्ममध्ये एक छुपा रकाना ठेवते. माणसाला तो दिसत नाही. यंत्र तो भरते आणि पकडले जाते. आपण फॉर्म बनवण्याचे साधन नुकतेच बदललेले दिसते. नव्या साधनाला तो रकाना झाकता येत नाही, म्हणून ‘अन्य’ या नावाने तो उघडा पडला आहे. मी छत्तीस वर्षे नोंदणी कार्यालयात कारकून होतो. कोरा रकाना असलेला अर्ज मी कधी पुढे सरकू दिला नाही. साहजिकच ‘अन्य’पुढे मी नऊही वेळा ‘निरंक’ लिहिले. “काका, तुम्ही फॉर्म फारच नीट भरलात, म्हणून यंत्र ठरलात,” असे ती म्हणाली. आता गाळणीने माझा ई-मेलच काळ्या यादीत टाकल्यामुळे रकाना कोरा सोडूनही संदेश जात नाही. निरोप तूच दे, असे मी पुतणीला सुचवले. तिने साफ नकार दिला.

४. सबब विनंती की,
(अ) सदर रकाना त्वरित झाकावा. माझ्यासारखे आणखीही कोणी असतील.
(आ) अडकलेल्यांपैकी तिसरा संदेश भावास द्यावा. तो बरा उतरला होता. प्रत ठेवली नाही. कदाचित तो चौथा असेल. सातवा मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्यात पुस्तकांची यादी आहे.

५. हा अर्ज तिसऱ्यांदा स्वच्छ उतरवताना ध्यानात आले की याचाही मी मसुदाच करून बसलो आहे, आणि आज गुरुवार आहे. म्हणून लेखणी ठेवून खाली गेलो, भावाला पत्र टाकून आलो आणि मग हे कलम जोडले. शनिवारी पोचेल, असे टपाल कचेरीतल्या बाई म्हणाल्या. तरी विनंती (आ) रद्द समजावी. (अ) कायम आहे. पत्रात ‘नाही’ एवढेच लिहिले आहे. त्याखाली उरलेले पान कोरे आहे. ते चुकून राहिलेले नाही, तेव्हा तसेच त्याच्या हाती द्यावे.

आपला नम्र,
(सही)
खिडकीजवळच्या रुग्णाचा थोरला भाऊ
गुरुवार, दुपार