स्रवंतीच्या हातची आंबील

हैदराबाद
जून २०२१

प्रिय आई-बाबा,
दोघांना आम्रपालीचा मनापासून जयभीम.

आधी हेच सांगते, मी आता बरी आहे. मला करोना झाला होता, पण आज रिपोर्ट निगेटिव्ह आला. फोन करून राह्यले नव्हते, कारण आईनं आवाजावरून ओळखलं असतं. रागावू नका. जिना चढताना थोडी धाप लागते, एवढंच.

होस्टेलमध्ये आमच्या मजल्यावर आमी दोघीच उरलो होतो, मी अन् माझी रूममेट स्रवंती. पहिल्या वर्षी ती माझ्या डब्यातला घास घेत नव्हती, पाण्याची बाटलीही दूर सरकवायची. ताप चढला तेव्हा वाटलं, आता आपल्याला कोण पाहणार? पण तीच रोज नाचणीची आंबील करून आणायची, दाराबाहेर बसून मला संपवायला लावायची. माझी भांडीही तीच घासायची.

एकदा तिच्या अम्मांनी फोनवर तेलुगूत विचारलं, "तिची उष्टी भांडी तू काऊन घासतेस?"

"ती माझी मैत्रीण आहे म्हणून," स्रवंती म्हणाली. अम्मांनी फोनच ठेवला. चार दिवस मायलेकी बोलल्या नाहीत.

बाबा, तुमची शाळा बंदच आहे ना? आपल्या तलमडुगूच्या बाजारात जाऊ नका. आईनं लस घेतली का?

अन् हो, काल अम्मांचा पुन्हा फोन आला. त्यांनी मलाच फोनवर बोलावलं. म्हणाल्या, "जेवलीस का, बेटा?"

तुमची,
आम्रपाली