अण्णांच्या मळ्यावरची चाचणी

मंगळवार, संध्याकाळ

उपग्रहाच्या फोटोंवरून पीक ओळखणारा आमचा प्रोग्राम तालुकाभर चालवण्याआधी मी तो नेहमी आमच्याच मळ्यावर चालवून बघते. तिथलं उत्तर मला पाठ आहे. झेंडू. आज ऑफिसातल्या मृणालने नवे फोटो घातले आणि उत्तर आलं, पीक नाही. मग सवयीने एकेक टप्पा सुटा चालवून पाहिला. कुठेच चूक सापडेना.

शेवटी मृणाल हळूच म्हणाली, "ताई, कोड बरोबर आहे. तिथे आता खरंच काही नाहीये."

अण्णा गेल्यावर दादाने मळा विकला, हे मला माहीत होतं की. तरी दुपारभर कोडमध्ये झेंडू शोधत बसले. का?

चाचणीला आता दुसरं शेत घ्यायला हवं. पण उत्तर पाठ असलेलं दुसरं शेत माझ्याकडे नाही.