भिंतीला लावलेलं वळण

२ जून
आले एकदाची! नोकरी मिळाली, खोली मिळाली, आणि बाईंनी मला ओळखलं नाही. ओळखतील कशा? ताईच्या लग्नात मी आठ वर्षांची होते, पुढचे दोन दात पडलेली. आता त्यांना फक्त माळीण दिसते. घर अरुंद, मागची बाग त्याहून अरुंद. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. तरी तिथे नासपतीचं झाड आहे, लांब भिंतीला चिकटलेलं, इस्त्री केल्यासारखं सपाट. मधे खोड, दोन्ही बाजूंना तीन-तीन फांद्या, अगदी आडव्या.

ताई या घरची सून. तिच्या सासूचं, म्हणजे बाईंचं, प्रत्येक पत्र एकाच वाक्याने संपायचं: मुलीला वळण नाही, पण मी लावीन. मग बारा वर्षांपूर्वी एकदा पत्र आलं की ती घर सोडून गेली. आईने त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि वर्षभरात आईही गेली. मी इथे झाडं सांभाळायला आलेले नाही. ताईचं काय झालं ते शोधून काढणार आणि बाईंना रडवणार. आज मात्र झोप छान लागेल.

९ जून
बाई शिकवतात छान, हे कबूल करायला जिवावर येतं. कोवळी फांदी एकदम वाकवायची नाही, तडकते. मागे बांबू बांधायचा, कापडाच्या पट्टीने सैलसर इंग्रजी आठचा आकडा घालायचा आणि दर रविवारी फांदी दोन बोटं खाली सरकवायची. भिंत सोडून आपल्याकडे येणारा कोंब दिसला की लगेच कापायचा. झाडाला त्या 'ती' म्हणतात. मी सहज म्हटलं, झाड 'ते' असतं. मी पहिलीतली मुलगी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तीच आहे," त्या म्हणाल्या. "पहिली दोन वर्षं फार त्रास दिला तिने."

२३ जून
डावीकडची मधली फांदी साफ करताना सालीत रुतलेली जुनी पट्टी सापडली. उशीच्या अभ्र्याचं कापड, त्यावर निळं फूल. आईने ताईच्या लग्नासाठी भरलेलं. एक पाकळी माझ्या हातची आहे, म्हणून ती वाकडी.

पट्टीखाली फांदीला कोपरासारखी गाठ. ताई लहानपणी जिन्यावरून पडली होती, तिचा डावा कोपर कधी नीट सरळ झाला नाही. मी गाठीवर हात ठेवला. साल कोमट होती आणि आत ठोके पडत होते. ही ताई आहे. भिंतीला डोकं टेकून मी पोटभर रडले.

२४ जून
सगळ्या पट्ट्या कापल्या. एकही फांदी हलली नाही. बारा वर्षांत लाकूड तसंच घट्ट झालंय. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. चिडल्यासुद्धा नाहीत. तिला आता बांधायची गरजच नाही, म्हणाल्या.

२६ जून
बाई वरची फांदी छाटायला शिडीवर चढल्या. शिडी मी धरली होती. सोडली.

खुब्याचं हाड. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पलंग. बाईंचा मुलगा, म्हणजे ताईचा नवरा, माझा भाऊजी, दूर कामाला असतो. फोनवर माझे आभार मानत होता. तुमच्या आईंची नीट काळजी घेईन, म्हटलं.

२८ जून, रविवार
पलंगामागे बांबू बांधला. उजवं मनगट, आठचा आकडा, सैलसर. मग डावं. घाई नाही. डॉक्टर येतात तेव्हा सोडायचं आणि वर शाल.

१९ जुलै
ओरडत नाहीत. बोलतही नाहीत. मला त्या रडायला हव्यात. पट्टी आणखी आवळली.

त्यांच्या नखाखालून हिरवं काहीतरी फुटलंय. कोंब. पुढे येत होता. कापला. बरं वाटलं — फारच बरं वाटलं.

२ ऑगस्ट
आज बोलल्या.

"गाठ छान बसते तुझी. बघ, लागलं की वळण."

पळत बागेत गेले. ताईच्या फांदीवर कोंब आला होता. करंगळीएवढा. भिंत सोडून सरळ माझ्याकडे. पट्ट्या कापल्यापासून पहिल्यांदाच — आणि कात्री माझ्या हातात होती. कळायच्या आत —

ताई, मी मुद्दाम नाही गं —

८ ऑगस्ट
कात्री गटारात फेकली. दुपारी नवी आणली. का आणली?

आठचे आकडे. टेबलाच्या पायांना. स्वतःच्या वेणीला. हात थांबत नाहीत.

९ ऑगस्ट, रविवार
भाऊजींचा फोन. दुसरं लग्न केलंय. उद्या बायकोला इथे आणून सोडणार.

येऊ देऊ नका, एवढंच सांगायचं होतं. तोंडून निघालं, वय किती तिचं — हात लांब आहेत का —

उद्या दारातच तिला सांगणार. पळ म्हणून. नक्की सांगणार. आधी फक्त तिचं मनगट हातात घेऊन बघेन, कोवळं असलं तर —