पवनचक्कीवरचं लाल कुलूप

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोचलो एकदाचा. बुरैदा मागे पडल्यावर खजुरांच्या बागा संपल्या, मग नुसती वाळू. ड्रायव्हर वाट चुकला की काय असं वाटायला लागलं, तेवढ्यात समोर चार लांबलचक पाती उभी दिसली आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. वाळवंटात हॉलंड! बावीस वर्षं इथेच सौदीत, जुबैलला कंपनीत पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त केले. आता म्हातारपणी पवनचक्की.

जागा मात्र झकास आहे. कुणा शेखच्या डोक्यात आलं आणि त्याने शेताच्या कडेला अख्खं डच गाव वसवलं. हिरव्या लाकडी घरांची रांग, मधून एक कालवा, त्यावर पांढरा पूल, काचघरात ट्यूलिप. पवनचक्की तेवढी खरी, हॉलंडमधून सुटी करून आणलेली. पाहुण्यांची एकेक खाजगी गाडी येते, अर्ध्या दिवसाची सहल करते. होडी, चीज, लाकडी बूट घालून फोटो, आणि शेवटी चक्कीत दळलेल्या पिठाची पिशवी. फक्त चक्की मार्चपासून बंद आहे. ती चालू करायची म्हणून मला आणलंय.

सगळ्यात मोठा आनंद म्हणजे इथला राखणदार-कम-आचारी मुनाफ. रत्नागिरीकडचा. मी गाडीतून उतरलो तर म्हणाला, "या भाऊ, वाट बगून डोळे पिकले." रात्री त्याने सुरमई तळली. शर्मिलाला फोन करून सांगितलं, तर तिचं पालुपद तेच, की झाली नोकरी, आता नाशिकला या. म्हटलं, रुचाची दोन वर्षं राहिलीत, तिची डिग्री झाली की आलोच. दोघी डिसेंबरात फॅमिली व्हिसावर येणार आहेत. रुचा मेकॅनिकलची, तिला ही चक्की दाखवायची मला फार घाई झाली आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

चक्की वरपर्यंत पाहिली. खाली गोदाम, त्याच्यावर बाहेरून फिरणारा लाकडी सज्जा, मग जात्याचा माळा, आणि सगळ्यात वर टोपी. टोपीत माझ्यापेक्षा उंच लाकडी दात्यांचं चाक आहे. पाती फिरली की ते फिरतं आणि खालचं जातं फिरवतं. त्या चाकाला आवळणारा ब्रेक खाली सज्ज्यावरून साखळीने सोडतात. माळ्यांना जोडणाऱ्या उभ्या शिड्या आहेत. सुतारकाम असं की हात फिरवत राहावं.

आणि सज्ज्यावर त्या ब्रेकच्या साखळीला एक लाल कुलूप आहे.

बघून मी हात मागे घेतला. प्लँटमधल्या माणसाला ते कुलूप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. यंत्रात हात घालायच्या आधी ज्याने त्याने आपलं लाल कुलूप लावायचं, त्याला आपला फोटो आणि नाव अडकवायचं, किल्ली आपल्या खिशात. ते काढायचं त्यानेच. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. रुचाला सायकलची चेन बसवायला शिकवली, तेव्हाही मी तिला आधी हेच शिकवलं होतं. ती चिडवायची, बाबा, सायकलला कुलूप लावून चेन बसवणारा जगात तू एकटाच.

या कुलपावरचा फोटो सिद्धार्थ नावाच्या मुंबईच्या इंजिनिअरचा आहे. माझ्या आधीचा माणूस. मुनाफ म्हणाला, मार्चमधे एक दिवस तो दिसेनासा झाला. मॅनेजर इमाद जॉर्डनचा. त्याने हुरूब लावून टाकलं, म्हणजे कामगार पळून गेला अशी सरकारदरबारी नोंद. खलास. पासपोर्ट, कपडे, चपला सगळं खोलीतच होतं म्हणे. मी विचारलं, पळणारा माणूस चपला टाकून पळतो का? मुनाफने चुलीवरचं झाकण उघडलं आणि भात झाला का ते बघत बसला.

८ नोव्हेंबर, शनिवार

इमाद पाठी लागला आहे. शुक्रवारी पहिली सहल आहे आणि चक्की फिरली पाहिजे. त्याला नियम सांगून पाहिला. त्याचं म्हणणं, पळालेल्याचं कसलं कुलूप, यल्ला, तोडा.

नियमात तोडायचीही एक रीत आहे. आधी आत जाऊन माणसाला शोधायचं, हाका मारायच्या. मी आणि मुनाफ टोपीपर्यंत गेलो. चाकाच्या मागे, तुळयांच्या सांदीत, सगळीकडे बॅटरी मारली. मी मोठ्याने म्हटलं, सिद्धार्थ, आत असलास तर ओ दे. कुणी नाही. एकदा मानेवर कुणीतरी ऊन श्वास टाकल्यासारखं झालं, पण एवढ्या उंचीवर वारा असतोच.

खाली येऊन कटरने कुलूप तोडलं. ब्रेक सोडला. पाती हलेनात, मग एक गचका बसला, बैलगाडीचं चाक धोंड्यावरून जावं तसा, आणि त्यानंतर लोण्यासारखी फिरायला लागली. पहिलं पीठ ओलसर आलं. मुनाफने ते कबुतरांना टाकलं. कबुतरं शिवली नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली सहल छान झाली. जेद्द्याहून, शराफियातून एक कुटुंब आलं होतं. पात्यांची सावली अंगावरून गेली की पोरं किंचाळायची. मी टोपीच्या खिडकीतून त्यांना हात केला आणि खाली येऊन पिठाच्या पिशव्या दिल्या.

जाताना त्यांच्यातल्या अफशाँबाई मला हिंदीत म्हणाल्या की तुमच्या मदतनीसाला घरी पाठवा, खिडकीत तुमच्या मागे उभा होता तो फार आजारी दिसतो. मला मदतनीस नाही म्हटल्यावर त्या घाईने गाडीत जाऊन बसल्या. मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चाक करकरतं आहे. दात्यांना मेण आणि चरबी लावावी लागेल. मुनाफ म्हणतो, "भाऊ, एकटं वर जाव नको, दुसरा मानूस येवदे." चांगल्या मनाचा आहे, पण भित्री भागूबाई. मी म्हटलं, बाबा रे, माझं कुलूप लावल्याशिवाय मी चाकाला बोट लावत नाही. माझ्याइतका सुरक्षित माणूस अख्ख्या कसीम प्रांतात सापडायचा नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी सहल होती आणि मुनाफ जुम्म्याला गेला होता. म्हटलं तेवढ्यात उरकून घेऊ. सज्ज्यावर साखळीला माझं लाल कुलूप लावलं, फोटो अडकवला, किल्ली खिशात. नियमाप्रमाणे फोन खाली ठेवला. कामाच्या नोंदी करायच्या म्हणून ही डायरी तेवढी घेतली.

काम तासाभरात झालं. शिडीने खाली उतरलो.

उतरलो तो टोपीतच.

चक्कर आली असेल असं वाटलं. पाणी प्यायलो, पुन्हा नीट एकेक पायरी धरून उतरलो. पायाला फळी लागली, मान वर केली, समोर चाक. मीच लावलेली चरबी ओली. पुन्हा उतरलो. पुन्हा टोपी.

आता खिडकीशी बसून लिहितो आहे. डोकं शांत ठेवायला हवं. मुनाफ येईलच.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ

मुनाफ आला. वर आला! मला हाका मारत आला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, त्याचं नाव घेऊन ओरडलो. त्याने माझ्यातून बॅटरी मारली. माझ्या पलीकडची भिंत उजळली. मी त्याचा दंड धरला तर त्याने नुसता शहारून दंड चोळला. मग म्हणाला, भाऊ, आत असलात तर ओ द्या.

मी ओ देतच होतो.

शिडीने तो खाली गेला. मी त्याच्या पाठोपाठ उतरलो. तो खाली पोचला. मी टोपीत.

२२ नोव्हेंबर

सिद्धार्थ इथेच होता.

मी हाक मारली तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहून ओ देत होता. मानेवर तो श्वास – आणि मी खाली जाऊन कटर –

तो गचका. ते ओलं पीठ. अफशाँबाईंना दिसलं ते त्यातून उरलेलं. देवा.

२४ नोव्हेंबर

भूक लागत नाही. तहान नाही. दाढी वाढत नाही. नुसता बारीक होत चाललो आहे.

हेल्मेट खिडकीतून बाहेर फेकलं. माझ्याच पाठीमागे येऊन पडलं. ओरडतो तो आवाजही असाच परत येतो.

चाकामागच्या सांदीत किल्ली सापडली. माझ्या किल्लीसारखीच. कुणाची ते मला ठाऊक आहे. सगळं नियमाप्रमाणे केलं होतं पोराने.

२७ नोव्हेंबर

खालचं बोलणं वर ऐकू येतं. इमादने माझ्यावर हुरूब लावलं. म्हणाला, इंडियन इंजिनिअर सगळे एकाच माळेचे मणी. कुलूप तोडायला निघाला होता. मुनाफने कटर कालव्यात फेकून दिला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबासमोर ओरडला असेल. "भाऊंचा कुलूप हाय तवर भाऊ हायत!" इमाद म्हणाला, बुरैद्याहून दुसरा कटर आणतो, आणि तुझा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रद्द करतो.

मुनाफ, बाबा, भित्री भागूबाई म्हटलं त्याची माफी.

तारीख नक्की नाही. डिसेंबर असावा

वारा सुटला की ब्रेक कण्हतो. मी चाकापासून शक्य तितका लांब बसतो. पण थोड्या वेळाने बघावं तर चाकाला टेकूनच बसलेला असतो.

एकच मागणं आहे. शर्मिला-रुचा इथे येऊ नयेत. व्हिसा अडकू दे, विमान चुकू दे. माझं काय व्हायचं ते होवो.

डिसेंबर

आल्या.

पांढऱ्या गाडीतून, सहलीच्या पाहुण्यांसारख्या. शर्मिलाच्या हातात माझा फोटो. इमाद गोड बोलतो आहे, बाई, तो पळून गेला. शर्मिला म्हणते, घरी भांडणात सुद्धा कधी दाराबाहेर गेला नाही तो माणूस, पळतोय कुठला.

 रुचा सज्ज्यावर गेली. कुलूप हातात धरून उभी आहे.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

रुचा म्हणाली, बाबाचं कुलूप आहे म्हणजे बाबा आत आहे. मी बघून येते.

रुचा नको. रुचा नको. घसा फाटेस्तोवर – सगळं माझ्याच अंगावर परत –

थांबली. पर्स उघडली. मला वाटलं ऐकलं तिने.

पर्समधून तिच्या बॅगेचं छोटं कुलूप काढलं. माझ्या कुलपाशेजारी साखळीला लावलं. कागदावर स्वतःचं नाव लिहून अडकवलं. किल्ली खिशात टाकली.

मीच शिकवलेलं. ज्याने त्याने आपलं –

शिडी वाजते आहे

वर आली. चाकाकडे बघितलं. तुळयांकडे बघितलं.

मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा," म्हणाली, "तू इथेच आहेस."

तिला मी दिसतो. अरे देवा, तिला मी दिसतो आहे –

रुचा रडते आहे, हसते आहे, किती वाळलास म्हणते आहे. हात ओढते आहे, चल, खाली आई आहे. मी तिला शिडीजवळ जाऊ देत नाही. कसं सांगू. गेली तर कळेल तिला. थोडा वेळ तरी –

शर्मिला वर आली. रुचाने आई म्हणून तिच्या गळ्यात हात टाकले. शर्मिला त्या हातांतून पुढे आली, खिडकीतून खाली बघितलं, रुचा रुचा करत परत खाली गेली.

रुचाला कळलं.  हात सोडत नाही

खाली इमाद. नवा कटर आणलाय. म्हणतो चाक फिरवल्याशिवाय मागची सांद दिसत नाही. मुनाफ शर्मिलाचे पाय धरतो आहे, वहिनी नको, तोडू देव नका, कुलपं हायत तवर –

शर्मिला म्हणते वाट्टेल ते तोडा पण माझी मुलगी शोधा

मी रुचाला चाकापासून लांब ओढतो आहे. इथे लांब असं कुठे काही

एक तुटलं. माझं की तिचं ते वरून दिसत नाही. रुचा विचारते आहे, बाबा, कुणाचं –