दार रस्त्याकडेच

६ जानेवारी, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. घर बांधायला काढलंय, म्हणजे डोकं शांत हवं. माझं असतंच. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चौदा वर्षं तक्रारींच्या काउंटरला बसतोय. लोक काचेवर मुठी आपटतात, मी पुढचा नंबर पुकारतो. संयमाच्या बाबतीत माझा हात धरणारा अजून जन्मायचाय.
आज आखणी. पुढचं दार कुठे, एवढाच प्रश्न होता. तो मी सोडवलाय. रस्त्याकडे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गवंड्याला फावडं फेकून मारलं. लागलं नाही. नेम मुद्दामच चुकवला.
झालं असं. माझी जागा पुढे, रस्त्याला लागून. मागे थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं घर. मध्ये अंगण. दादाचं दार अंगणात उघडतं आणि तो बाजूच्या गल्लीतून ये-जा करतो. मी चुन्याची फक्की आणायला वळलो, तेवढ्यात दादा बनियनवर, चहाचा कप घेऊन आला आणि गवंड्याला सांगून मोकळा झाला, की धाकट्याचं दार अंगणाकडे घ्या, आमच्या दारासमोर. गवंडी हो म्हणाला! मला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बेचाळीस वर्षं हेच. माझी शाळा यानेच ठरवली, चष्म्याची फ्रेम यानेच, पहिली स्कूटरही यानेच. आता दारही?
तळपायाची आग मस्तकात गेली. फावडं जवळच होतं.

७ जानेवारी
संकल्प: आजपासून राग बंद.

९ जानेवारी
आईने बोलावलं होतं. वडील गेल्यापासून ती दादाकडे आहे, कारण आमची भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर आणि तिचे गुडघे गेलेले. तिने माझ्याकडे राहावं असं मला फार वाटतं. खरं सांगायचं तर हे घर तिच्यासाठीच आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही.
आई म्हणाली, की दार समोरासमोर असलं तर मी तुझ्याकडे राहीन, आणि वाटेल तेव्हा थोरल्याकडेही जाऊन येईन. अकरा पावलं आहेत, तेवढी मला जमतात.
रस्त्याकडून किती ते मी मोजून आलो. गल्लीतून बाहेर, कोपऱ्यावरून वळून, टायरच्या दुकानापुढून, मग तीन पायऱ्या चढून. एकशे चौसष्ट पावलं. चालणं तब्येतीला चांगलंच असतं. आईला अजून सांगितलं नाही.

१५ जानेवारी, दुपारी
संयमाचा नववा दिवस. दादाशी मारामारी.
वाळूच्या ढिगावर झाली, म्हणून फार लागलं नाही. सुरुवात त्याने केली. मी नुसतं म्हणालो, की तू माझ्या दारात नाक खुपसू नकोस, नाहीतर नाक राहणार नाही. यात चिडण्यासारखं काय होतं? त्याने माझी मान काखेत धरली. लहानपणापासून त्याचा तोच एक डाव. मी त्याच्या दंडाला चावलो. माझाही तोच एक डाव आहे, पण परिणामकारक.
आई काठी टेकत आली आणि दोघांच्या पाठीत एकेक घातली. मला जरा जोरात घातली. माझ्यावर जीव जास्त आहे तिचा.

१६ जानेवारी
पुढचा एक दात हलतोय. ऑफिसात एकाने विचारलं, पडलात का? म्हटलं, बांधकाम काढलंय. त्याने मान डोलावली.

२ फेब्रुवारी
पिलर उभे राहिले, स्लॅबही पडला. आता भिंती. बायको म्हणाली, की रस्त्याकडे हवं तर दोन दारं करा, पण अंगणाकडे निदान मागचं एक असू द्या. तिचं आणि वहिनीचं गूळपीठ आहे, त्यामुळे ही भाषा कुणाची हे न कळायला मी काही खुळा नाही. मागचं दार दिलं की चार दिवसांत तेच पुढचं होतं. ठणकावून नाही म्हणालो. तिने हातातला डबा भिंतीवर आपटला. नव्या भिंतीला पोचा आला. डब्याला काही झालं नाही.
हे लक्षण बरं नव्हे, पण गिलाव्यात झाकलं जाईल.

२० फेब्रुवारी
गवंड्याची कॉलर धरली. तो म्हणत होता, की अंगणाकडची भिंत अशी सलग, बिनदाराची मी बांधणार नाही. पुढून आग लागली तर पळाल कुठून? मी म्हणालो, आग लावेल कोण, ते मला ठाऊक आहे. त्याने माझ्या बोटांवर थापी हाणली आणि बाकीच्या तीन भिंती बांधीन, ती तुमची तुम्ही बघा असं म्हणाला.
बघतोच.

११ मार्च
अंगणाकडची भिंत मी स्वतः बांधली! नऊ रविवारांचं काम तीन रविवारांत. ओळंबा लागला नाही. माझी नजर सरळ आहे. शेवटच्या थरांत सिमेंट जरा कमी पडलं, पण भिंत बांधताना मनात जी जिद्द होती तीही धरून ठेवतेच.
वर एक झरोका ठेवलाय. तेवढी हवा दादाकडून आली तर चालेल.
आई अंगणात खुर्ची टाकून बघत होती. मग म्हणाली, की आता तू दिसत नाहीस. मी आतून ओरडून सांगितलं, की आवाज तर येतोय ना.

२४ मार्च
पुढचं दार बसलं. काय दार आहे! सुतार आणि त्याचे तीन जण मिळून उचलत होते. आतून तीन कड्या. बाहेरून हत्ती आला तरी हलणार नाही. मी फुटपाथवर उभा राहून वीस मिनिटं बघत होतो. टायरवाला म्हणाला, की गोडाऊनचं आहे का? अडाणी माणूस. बेलची वायर राहिलीय.
सोमवारी सामान हलवलं.
आईला म्हटलं, चल. गुडघ्याचं बघून उन्हाळा संपला की बघू म्हणाली. म्हणजे येणार. नक्की येणार.

१ एप्रिल
आई आली नाही. दादाने भडकवलंय.
संध्याकाळी त्याच्या घरावर वीट फेकली. एकच. खिडकीची काच फुटली आणि आत कुणीतरी किंचाळलं. दादा होता. त्याने गल्लीतून धावत येऊन माझी स्कूटर आडवी पाडली आणि तिच्यावर उभा राहून लाथा मारल्या. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. टायरवाल्याने आम्हाला पाण्याचा पाइप मारून सोडवलं. दात गेला. दादाच्या भुवईला चार टाके.
संकल्प: दादाशी यापुढे एक शब्दही बोलायचा नाही. बोलण्यातूनच सगळं होतं.

५ एप्रिल, हॉस्पिटलमधून
उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्याने लिहितोय, म्हणून थोडक्यात.
सकाळी अंगणात गेलो. कारण, दादा माझ्या भिंतीला हात लावून बघत होता. वर म्हणाला, की भिंत पोकळ वाजते, आई खाली बसते, पाडून नीट बांध.
पोकळ! माझी भिंत!
मी घण आणला. म्हटलं, बघ आता, कशी आहे ते. दादा नको नको म्हणाला. आई खुर्चीतून नको म्हणाली. पहिला घाव घातला, भिंत हलली नाही. दादाकडे बघून हसलो. दुसरा घातला, भिंतही हसली असावी. तिसऱ्या घावाला मधली सगळी भिंत माझ्या अंगावर आली.
कॉलरबोन, मनगट, दोन बरगड्या. दादाने विटांखालून ओढून काढलं. ओढताना मुद्दाम जोरात ओढलं. रिक्षात मला मांडीवर घेऊन बसला होता आणि रडत होता. अपराधी वाटत असणार.
मूळ दोष विटांचा.

८ एप्रिल
बायको भेटायला आली. केसांत सिमेंट. मी बजावलं, की भिंतीला पडलेलं भगदाड मी येईपर्यंत बंद झालं पाहिजे. ती हो म्हणाली. एका शब्दात, वाद न घालता. लग्नाला सोळा वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडलं. अखेर तिला माझं म्हणणं पटलं.
दादा डबा घेऊन आला होता. तोंड फिरवून झोपलो. डबा नंतर खाल्ला.

१२ एप्रिल, संध्याकाळी, घरी
एक दिवस आधीच सोडलं. शेजारच्या पेशंटशी पंख्यावरून बोलाचाली झाली आणि त्याच्या सलाइनचा स्टँड वाकला. घरी कुणाला कळवलं नाही. रिक्षा केली, रस्त्याला उतरलो, एका हाताने पिशवी धरून तीन पायऱ्या चढलो. पुढे माझं दार.
आतून तिन्ही कड्या. बेल नाही. डाव्या हाताने थापा मारल्या. लाकूड एवढं जाड, की आवाज आपल्यालाच ऐकू येतो. लाथ मारली. अंगठ्याचं नख गेलं. मग खांद्याने धडक दिली, खांदा चुकीचा निवडला. पायरीवर बसून ओरडलो. टायरवाला म्हणाला, की ते सगळे मागून जातात हो, गल्लीतून या. मी त्याला शिवी दिली.
मग पुन्हा उठलो. दाराला कान लावला. आत माणसं हसत होती.
किती वेळ ठोकत होतो देव जाणे. शेवटी एकेक कडी निघाली. दार दादाने उघडलं. भुवईवर पट्टी. हातात चहाचा कप. मला बघून दचकला आणि म्हणाला, अरे, तू? ये, आत ये.
माझ्याच घरात मला.
आत उजेड होता. भगदाड होतं तिथे गवंड्याने चौकट बसवलीय, सरळ, ओळंब्यात. बायको आणि वहिनी तिच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. पलीकडे अंगण, अंगणापलीकडे दादाचं दार, तेही उघडं. झरोक्याखाली माझ्या खाटेवर आईचं अंथरूण, शेजारी तिची काठी. ती राहायला आलीय. चार दिवस झाले म्हणे. अकरा पावलांत आली.
भांडायला तोंड उघडलं. बरगड्या दुखल्या.
आईला उजेडात बघताना नीट दिसत नाही. तिने दादाला विचारलं, की रस्त्याच्या दाराने कोण आलंय रे? बघून घे हं, आपलं माणूस तिकडून येत नाही.
दादा म्हणाला, धाकटा आहे.
मी चपला काढल्या.